बाझी पत्रिकेतली दडलेली खोडं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बाझी म्हणजे नेमकं काय?

बाझी म्हणजे ‘आठ अक्षरं’. जन्माचं वर्ष, महिना, दिवस आणि तास या प्रत्येकाचा एक खांब मांडायचा आणि प्रत्येक खांबात वर एक, खाली एक अशी दोन अक्षरं लिहायची. चार दुणे आठ. वरच्या अक्षराला तियानगान म्हणतात, म्हणजे आकाशाचं खोड. खालच्याला दिझी, म्हणजे पृथ्वीची फांदी. खोडं दहा आहेत. लाकूड, आग, माती, धातू, पाणी या पाचांचं प्रत्येकी एक यांग रूप आणि एक यिन रूप. फांद्या बारा, आणि त्या आपल्याला प्राण्यांच्या नावांनी माहीत असतात: उंदीर, बैल, वाघ, ससा, ड्रॅगन, साप, घोडा, बकरी, माकड, कोंबडा, कुत्रा, डुक्कर.

दिवसाच्या खांबातलं वरचं खोड म्हणजे तुम्ही स्वतः. त्याला दिनस्वामी म्हणू या. बाकीची सात अक्षरं त्याच्याशी असलेल्या नात्यानं वाचायची. यात ग्रह नाहीत, भाव नाहीत, लग्नरास नाही. ऋतू मात्र पुरेपूर आहेत, आणि हे शास्त्र वाचताना तेच सतत डोळ्यांसमोर ठेवावं लागतं.

मग ‘दडलेली खोडं’ म्हणजे काय?

वरचं अक्षर सरळ असतं. जिया म्हणजे यांग लाकूड, विषय संपला. खालची फांदी तशी नसते. तिच्या पोटात एक, दोन किंवा तीन खोडं साठवलेली असतात. यांना चिनीत त्सांगगान म्हणतात. त्सांग या शब्दात लपवणं आणि साठवणं हे दोन्ही अर्थ आहेत. मराठीत सांगायचं तर चोरून ठेवलेलं नव्हे, कणगीत भरून ठेवलेलं.

जुन्या परिभाषेत वरच्या खोडांना आकाशाचा अंश म्हणतात, फांद्यांना पृथ्वीचा आणि या दडलेल्या खोडांना रेनयुआन, म्हणजे माणसाचा अंश. मला या शास्त्रातलं सगळ्यात सुंदर नाव हेच वाटतं. आकाश आणि पृथ्वी यांच्यामध्ये जे वरून दिसत नाही, ते माणूस. आठ अक्षरं मोजून जो पत्रिका वाचतो, तो नेमका हाच भाग वगळतो.

आपल्याकडे ‘खोड’ हा शब्द झाडाला लागतो तसाच स्वभावालाही लागतो. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतो ना, तो अर्थ इथे अजाणता छान बसतो. दडलेलं खोड आधी स्वभावात जाणवतं, घटना म्हणून पुढे येतं ते नंतर.

कोणत्या फांदीत कोण असतं?

आधी दहा नावं, त्यांच्या पारंपरिक प्रतिमांसह. जिया म्हणजे उंच झाड, यी म्हणजे गवत किंवा वेल. बिंग सूर्य, डिंग दिव्याची ज्योत. वू डोंगर, जी शेतातली माती. गंग कच्चं लोखंड, शिन घडवलेला दागिना. रेन समुद्र किंवा मोठी नदी, ग्वेई दव आणि पाऊस. प्रत्येक जोडीत पहिलं यांग, दुसरं यिन.

आता फांद्या. पोटातलं मुख्य खोड प्रत्येक ठिकाणी आधी दिलं आहे.

उंदीर: ग्वेई
बैल: जी, ग्वेई, शिन
वाघ: जिया, बिंग, वू
ससा: यी
ड्रॅगन: वू, यी, ग्वेई
साप: बिंग, गंग, वू
घोडा: डिंग, जी
बकरी: जी, डिंग, यी
माकड: गंग, रेन, वू
कोंबडा: शिन
कुत्रा: वू, शिन, डिंग
डुक्कर: रेन, जिया

एकूण अठ्ठावीस. त्यांतली आठ मातीची, म्हणून फांद्यांच्या पोटात माती सगळ्यात जास्त सापडते. हे कोष्टक पाठ होईपर्यंत हातानं लिहावं. पाढे पाठ केल्याशिवाय गणित येत नाही, तसंच.

ही वाटणी कुणी मनानं ठरवली की तिच्यामागे काही तर्क आहे?

तर्क आहे, आणि तो कळला की कोष्टक पाठ करायचे कष्ट निम्मे होतात.

बारा फांद्या म्हणजे वर्षाचे बारा महिनेही. वाघ, ससा, ड्रॅगन हा वसंत. साप, घोडा, बकरी हा उन्हाळा. माकड, कोंबडा, कुत्रा हा शरद. डुक्कर, उंदीर, बैल हा हिवाळा. प्रत्येक ऋतूत सुरुवातीची, मधली आणि शेवटची अशी तीन फांद्यांची साखळी आहे.

मधल्या फांद्या म्हणजे ऋतूचा भर. ससा निव्वळ लाकूड, कोंबडा निव्वळ धातू, उंदीर निव्वळ पाणी. तिथे भेसळ नाही. अपवाद घोड्याचा, त्याच्या आगीखाली मातीही आहे.

सुरुवातीच्या फांद्यांत पुढचा ऋतू जन्म घेतो. वाघाचा महिना फेब्रुवारीच्या चार तारखेच्या आसपास लागतो. उत्तर चीनमध्ये तेव्हा कडाक्याची थंडी असते, पण संक्रांतीनंतर दिवस तिळातिळानं वाढतो असं आपण म्हणतो, ती वाढ तिथेही जाणवायला लागलेली असते. म्हणून वाघाच्या लाकडात बिंग हा सूर्य बसवला आहे. डुकराच्या महिन्यात, नोव्हेंबरात, झाडांची पानं गळतात आणि वरवर सगळं पाण्याचं, थंडीचं राज्य दिसतं. पण पानं गळलेल्या पीचच्या फांदीजवळ जाऊन बघितलं तर पुढच्या वसंताच्या कळ्या घट्ट मिटून बसलेल्या दिसतात. डुकराच्या पोटातलं जिया म्हणजे त्या कळ्या. तसंच माकडात पाणी जन्मतं आणि सापात धातू. साप म्हणजे आगीची फांदी, तिच्यात कच्चं लोखंड, जणू भट्टीत ठेवलेलं.

शेवटच्या चार फांद्या, म्हणजे ड्रॅगन, बकरी, कुत्रा, बैल, या मातीच्या. ऋतू बदलताना मधला सांधा मातीचा असतो. जुन्या हिशेबात प्रत्येक तत्त्वाला वर्षातले ७२ दिवस येतात आणि मातीचे ७२ दिवस प्रत्येक ऋतूच्या शेवटी अठरा-अठरा असे वाटलेले असतात. या फांद्यांत मातीशिवाय दोन गोष्टी उरतात: सरत्या ऋतूचा शेष आणि एका जुन्या तत्त्वाची साठवण. ड्रॅगनमध्ये यी हा सरत्या वसंताचा शेष आहे आणि ग्वेई म्हणजे साठवलेलं पाणी.

असं एकेक फांदीचं बघितलं की कोष्टक रुक्ष राहत नाही. ते ऋतूंचं निरीक्षण आहे, फक्त आकड्यांच्या जागी अक्षरं आहेत.

एखादी पत्रिका उलगडून दाखवाल का?

कुणा ओळखीच्या माणसाची नको, मोजायला सोपी तारीख घेऊ. १ जानेवारी २०००, पुणे, सकाळी दहा.

वर्षाचा खांब: जी-ससा. इथेच पुष्कळ जण चुकतात. वर्ष १ जानेवारीला बदलत नाही. फेब्रुवारीच्या सुरुवातीला लीचुन, म्हणजे वसंताचा आरंभ, लागतो तेव्हा बदलतं, त्यामुळे ही तारीख १९९९ च्या सशातच धरायची. महिना: बिंग-उंदीर. दिवस: वू-घोडा. तास: डिंग-साप.

वरची चार खोडं बघा: जी, बिंग, वू, डिंग. माती, आग, माती, आग. दिनस्वामी वू, डोंगराची माती. आगीतून माती निर्माण होते, म्हणून आग ही आधार देणारी, आईसारखी. दुसरी माती म्हणजे भावंडं. म्हणजे या माणसाकडे बाहेरून पाहिलं तर आधार आणि सोबती एवढंच दिसतं. पैसा कुठे? नोकरी, अधिकार कुठे? स्वतःच्या हातून काही निर्माण होणं कुठे?

आता खाली उतरू या. सशाच्या पोटात यी. लाकूड मातीला आवर घालतं, म्हणून यी म्हणजे अधिकार, शिस्त, पद. उंदराच्या पोटात ग्वेई. माती पाण्याला बांध घालते, म्हणून ग्वेई म्हणजे हाती येणारं धन. सापाच्या पोटात बिंग आणि वू तर आहेतच, पण त्यांच्यामध्ये गंग आहे, धातू. मातीतून धातू निघतो, म्हणून गंग म्हणजे जे आपल्यातून बाहेर पडतं ते: बोलणं, कला, रांधणं, शिकवणं. या नात्याचं चिनी नाव शीशन, शब्दशः अन्नदेवता. आणि घोड्याच्या पोटात डिंग आणि जी, जे वरही दिसतातच.

म्हणजे या पत्रिकेत लोक ज्या तीन गोष्टी विचारायला येतात, त्या तिन्ही जमिनीखाली आहेत. नुसती आठ अक्षरं मोजणारा म्हणेल, धातू शून्य. तो सापाच्या पोटात आहे.

आणखी एक पदर. जन्म उंदराच्या महिन्यातला, म्हणजे ऐन हिवाळा. महिन्याच्या फांदीला सर्वांत जास्त वजन असतं, म्हणून दडलेलं असूनही ग्वेई दुबळं नाही. पण उंदीर आणि घोडा समोरासमोरचे, एकमेकांना धडक देणारे. त्यात वू-घोडा हा दिवस ज्या दहा दिवसांच्या गटात येतो, त्या गटात उंदीर आणि बैल या दोन फांद्यांना खोड मिळत नाही, म्हणून त्या ‘रिकाम्या’ धरतात. धन आहे, ऋतूचं बळ आहे, तरी हाताला लागताना हुलकावणी देतं, असं परंपरा म्हणेल. आणि हिवाळ्यातल्या मातीला ऊब लागतेच, त्यामुळे वरची सगळी आग वाया गेलेली नाही, ती कामाचीच आहे. मी ही पत्रिका वाचत असते तर या उबेपासून सुरुवात केली असती.

‘तुमच्या पत्रिकेत पाणी नाही’ असं मला सांगितलं गेलं. काय करू?

आधी शांत व्हा. मग फांद्या उघडून बघा.

हा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा आहे. माझ्या मावसबहिणीच्या मुलीला एका ऑनलाइन सल्लागारानं सांगितलं की हिच्यात पाणी अजिबात नाही, त्यामुळे पैसा टिकणार नाही आणि लग्नही उशिरा होईल. उपाय म्हणून घरात छोटं कारंजं ठेवायचं आणि त्यांच्याकडूनच एक ब्रेसलेट घ्यायचं. मुलगी एकवीस वर्षांची. आठवडाभर तिला नीट झोप लागली नव्हती. मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुन्या कॅलेंडरच्या पानामागे तिचे चार खांब लिहिले. दिवसाची फांदी ड्रॅगन. ड्रॅगन म्हणजे पाण्याचं कोठार. ज्याला ‘अजिबात नाही’ म्हटलं होतं ते तिच्या स्वतःच्या खांबाखाली, पायाशी साठवलेलं होतं. मी पेन्सिलीनं ग्वेई लिहून त्याभोवती गोल काढला, तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा होता.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. एखादं तत्त्व खरोखरच वर-खाली कुठेच नसेल, तरी ते आणून भरायचं असतं असा नियम जुन्या पद्धतीत नाही. पत्रिका म्हणजे किराण्याची यादी नव्हे की जे संपलं ते आणा. कोणतं तत्त्व उपयोगी हे दिनस्वामीचं बळ आणि ऋतू बघून ठरतं. काही पत्रिकांना नसलेलं तत्त्व नकोच असतं. ‘काय नाही’ यावरून घाबरवणारा माणूस वाचक नसतो, विक्रेता असतो.

मग दडलेलं बाहेर कधी येतं?

वरच्या ओळीत तेच खोड आलं की. यासाठी चिनी शब्द तौ, आरपार वर येणं. आपण कोंब फुटला म्हणतो तसं. आणि वरच्या खोडाला खाली आपल्याच तत्त्वाचं मूळ सापडलं की त्याला मूळ धरलं म्हणतात. वर आहे पण खाली मूळ नाही, ते फुलदाणीतल्या फुलासारखं: दिसतं छान, टिकत नाही. खाली आहे पण वर कोंब नाही, ते रुजलेल्या बीसारखं: आहे, पण अजून कुणाला ठाऊक नाही.

जन्मपत्रिकेत कोंब नसला तरी काळ तो आणून देतो. दर दहा वर्षांनी बदलणारा भाग्यखांब असतो आणि दर वर्षाचं आपलं खोड असतं. वरच्या उदाहरणात गंग दडलेलं आहे. २०१०, २०२० आणि २०३० ही गंगची वर्षं. त्यांत सापातला धातू वर येतो असं वाचतात. ग्वेई २०२३ मध्ये आलं, यी २०२५ मध्ये. पण २०२० हे गंग-उंदीर होतं, त्यामुळे एकीकडे अन्नदेवता वर आली आणि दुसरीकडे उंदरानं दिवसाच्या घोड्याला धडक दिली. एकाच वर्षात दोन्ही. पत्रिका वाचणं अवघड आहे ते इथेच, आणि एका ओळीचं वार्षिक भविष्य इथेच कोसळतं.

कोठाराच्या फांद्या ‘फोडाव्या’ लागतात, हे खरं का?

ड्रॅगनमध्ये पाणी, बकरीत लाकूड, कुत्र्यात आग, बैलात धातू असं साठवलेलं असतं. यांना कोठारही म्हणतात आणि थडगंही. तत्त्व तिथे मेलंय की जपून ठेवलंय, यावरून शेकडो वर्षं वाद चालू आहे.

आपल्या गावाकडे जमिनीत पेव खणून धान्य ठेवायचे. पेव बंद असेपर्यंत वरून चालणाऱ्याला पत्ता लागत नाही. ड्रॅगनला कुत्रा किंवा बकरीला बैल येऊन धडकला की पेव फुटतं, असं एक मत. धडकेनं पेवाची भिंतच ढासळते आणि धान्य मातीमोल होतं, हे दुसरं. मी पाहिलेल्या पत्रिकांवरून माझं मत असं: आतल्या खोडाचा कोंब आधीच वर फुटला असेल तर धडक त्याचं मूळ हलवते, आणि कोंब नसेल तर तीच धडक वाट करून देते. सगळे हे मानत नाहीत. पण ‘तुमचं धनाचं कोठार बंद आहे, ते मी उघडून देतो’ असं कुणी म्हणालं तर आपल्या पिशवीचं तोंड आवळून धरा.

दडलेली खोडं आपसांत जुळतात का?

हो. वरच्या दहा खोडांच्या पाच जोड्या ठरलेल्या आहेत: जिया-जी, यी-गंग, बिंग-शिन, डिंग-रेन, वू-ग्वेई. दोन फांद्यांच्या पोटातली खोडं अशी जोडीची निघाली तर त्याला आनहे, आतून झालेली जुळणी, म्हणतात. ससा आणि माकड वरवर लाकूड आणि धातू, म्हणजे वैरी. पण सशातलं यी आणि माकडातलं गंग ही जोडी आहे. घोडा आणि डुक्कर, वाघ आणि बैल यांच्यातही आतून असंच नातं असतं.

याचा सगळ्यात वाईट वापर लग्नाच्या बाबतीत होतो. आतली जुळणी दिसली की ‘चोरटे संबंध’ असा निकाल काही जण देऊन टाकतात. अशा एका वाक्यानं घर मोडू शकतं. आनहे म्हणजे दोन गोष्टींचं न बोलता जमणं. ते अबोल मैत्रीत असतं, धंद्यातल्या शब्दाच्या व्यवहारात असतं, सासू-सुनेतही असतं. अक्षरांवरून कुणाच्या चारित्र्याचा निवाडा करू नये, आणि करणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नये.

ॲपमध्ये प्रत्येक तत्त्वाची टक्केवारी येते. ती कितपत धरावी?

मुख्य खोडाला साठ, मधल्याला तीस, उरलेल्याला दहा असे आकडे आजकाल सर्रास दिसतात. ही आधुनिक सोय आहे. जुन्या पद्धतीत टक्के नाहीत, दिवस आहेत. प्रचलित कोष्टकानुसार वाघाच्या महिन्यात पहिले सात दिवस वू, पुढचे सात बिंग आणि उरलेले सोळा जिया राज्य करतं. म्हणजे वाघ लागल्यावर तिसऱ्या दिवशी जन्मलेला आणि विसाव्या दिवशी जन्मलेला, दोघांची फांदी एकच, पण आतला धनी वेगळा. या दिवसांच्या वाटणीतही ग्रंथागणिक फरक आहेत. टक्केवारीचं रंगीत चक्र बघायला हरकत नाही, त्यावर निर्णय घेऊ नका.

‘पीचफूल’, ‘प्रवासी घोडा’ हेही दडलेलेच प्रभाव ना?

दिसत नाहीत म्हणून दडलेले म्हणायला हरकत नाही, पण ते वेगळं प्रकरण. त्यांना शनशा म्हणतात. एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर नजर टाकून ते काढतात. वरच्या उदाहरणात दिवसाच्या घोड्यावरून वर्षातला ससा हे पीचफूल, म्हणजे आकर्षणाची खूण, ठरतं, आणि वर्षाच्या सशावरून तासातला साप हा प्रवासी घोडा, म्हणजे भटकंतीची खूण. त्याशिवाय प्रत्येक खांबाला नायिन हे ध्वनीवरून दिलेलं नावही असतं: जी-ससा म्हणजे तटबंदीची माती, वू-घोडा म्हणजे आभाळातली आग. ही नावं काव्यमय आहेत, मलाही आवडतात. पण आधी फांद्यांचं पोट, मग ही सजावट. क्रम उलटा झाला की वाचन भरकटतं.

जन्मवेळ पाच-दहा मिनिटं मागेपुढे झाली तर?

तास इथे दोन घड्याळी तासांचा असतो, त्यामुळे मधोमध जन्म असेल तर काही बिघडत नाही. कडेला असेल तर सगळं बदलू शकतं.

आपल्याकडे अडचण अशी की भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशावरची आहे आणि महाराष्ट्र तिच्या बराच पश्चिमेला. सूर्याच्या हिशेबानं मुंबई घड्याळाच्या सुमारे ३९ मिनिटं मागे, पुणे आणि पणजी ३५, नागपूर १४. मुंबईची स्वतःची वेळ होतीच पूर्वी, ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे, आणि प्रमाणवेळ आल्यावरही शहरात ती १९५५ पर्यंत वापरात होती. तेव्हा आजोबांच्या कागदावर ‘मुंबई वेळ’ लिहिलं असेल तर पुन्हा वजाबाकी करू नका. उलट १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या युद्धकाळात घड्याळं एक तास पुढे होती, तो तास आधी काढायचा.

आपल्याच उदाहरणावर हे लावून बघा. तीच तारीख, पण मुंबई, सकाळी ९ वाजून २० मिनिटं. घड्याळानं ही सापाची वेळ, कारण साप नऊला लागतो. सूर्याच्या वेळेनं मात्र नऊही वाजलेले नाहीत, ड्रॅगनच चालू आहे. तासाचा खांब डिंग-सापाऐवजी बिंग-ड्रॅगन होतो. सापाबरोबर गंगही जातं, आणि आता धातू खरोखरच वर-खाली कुठेच उरत नाही. त्याऐवजी ड्रॅगनमधून जादा यी आणि ग्वेई मिळतात. अन्नदेवता गेली, धन आणि अधिकार यांना दुसरं मूळ मिळालं. एवढा फरक, आणि तो फक्त ३९ मिनिटांचा.

रात्री अकरानंतर जन्म असेल तर आणखी एक वाद. उंदराचा तास अकराला सुरू होतो. काही परंपरा तिथेच दिवस बदलतात, काही मध्यरात्री. दोन्ही पत्रिका मांडा आणि आयुष्यात घडून गेलेल्या गोष्टींशी ताडून बघा.

परदेशात जन्मलेल्या मुलांचं काय?

तास आणि दिवस जन्मगावच्या सूर्यानुसार. उन्हाळी वेळ लागू असेल तर तो तास वजा करा. चीनमध्येही १९८६ ते १९९१ अशी वेळ होती. वर्ष आणि महिना बदलण्याचा क्षण मात्र जगभर एकच असतो, फक्त तिथल्या घड्याळात भाषांतरित करायचा. चीन आपल्या अडीच तास पुढे आहे. २०२५ चा लीचुन ३ फेब्रुवारीला लागला, चारला नाही. तीन तारखेच्या रात्री जन्मलेल्या बाळांच्या बाबतीत हे तपासावंच लागतं.

सिडनी-मेलबर्नकडे ऋतू उलटे. तिथे महिन्याची फांदी उलटवावी का, यावर मतभेद आहेत. बहुतेक जण उलटवत नाहीत. ही सगळी वाटणी ऋतूवरून आली आहे, म्हणून हा प्रश्न मला खराखुरा वाटतो, हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

आपल्या पंचांगाशी याचं काही नातं आहे का?

साठ वर्षांचं चक्र दोन्हीकडे आहे. आपल्याकडे प्रभव ते क्षय ही साठ संवत्सरं, तिकडे दहा खोडं आणि बारा फांद्या यांच्या साठ जोड्या. त्यांचं सध्याचं चक्र १९८४ ला सुरू झालं, आपलं प्रभव संवत्सर १९८७ च्या पाडव्याला. २०२५ चा पाडवा विश्वावसू संवत्सराचा, तिकडे ते वर्ष यी-साप. आणखी एक भेद: चिनी चक्र फक्त वर्षांचं नाही. दिवस मोजायला ते शांग काळातल्या हाडांवरच्या कोरीव लेखांतही वापरलेलं आहे, म्हणजे तीन हजार वर्षांहून जुनं.

पण उंदीर म्हणजे मेष किंवा घोडा म्हणजे तूळ असं जुळवू नका. कुणाची मंगळाची पत्रिका आणि बाझी एकत्र करून ‘दुहेरी दोष’ काढणारेही भेटतात. दोन भाषांतले शब्द एका वाक्यात कोंबले की दोन्ही भाषा बिघडतात.

हे कुणी सुरू केलं?

एका माणसानं नाही. थांग काळातला अधिकारी ली शूझोंग जन्मवर्षाला केंद्र धरून भविष्य सांगत असे. तो ८१३ मध्ये वारला आणि हान यू या मोठ्या गद्यलेखकानं त्याचा मृत्युलेख लिहिला. पुढे श्यू झीपिंगच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत केंद्र वर्षावरून दिवसावर आलं. हा बदल लहान दिसतो, पण वर्ष म्हणजे घराणं आणि दिवस म्हणजे माणूस. सुंग काळापासून हीच पद्धत रुजली, आणि दिवस केंद्रात आल्यावर फांद्यांच्या पोटातलं एकेक खोड ‘त्या माणसाचं कोण’ हे विचारता येऊ लागलं.

याला शास्त्रीय पुरावा आहे का?

भविष्य खरं ठरतं याचा नाही. साठ वर्षं, बारा महिने, साठ दिवस, बारा तास यांच्या मिळून ५,१८,४०० पत्रिका होतात. जगाची लोकसंख्या आठ अब्ज धरली तर एकेका पत्रिकेचे सरासरी पंधरा हजार वाटेकरी. त्यांची आयुष्यं सारखी नसतात. मी हे शास्त्र मनापासून शिकले आणि शिकवते, ते ऋतू आणि माणूस यांच्याकडे बघण्याची एक जुनी, नीट बांधलेली भाषा म्हणून. आजार, कर्ज, घटस्फोट, मुलांचं शिक्षण यांचे निर्णय डॉक्टर, वकील आणि घरच्या माणसांबरोबर बसून घ्या.

स्वतः शिकायचं असेल तर सुरुवात कुठून?

कागद आणि पेन्सिल. ॲपवरून चार खांब काढा, पण फांद्यांची पोटं स्वतः भरा. प्रत्येक दडलेल्या खोडासमोर दिनस्वामीशी त्याचं नातं लिहा. जे वरही आहे त्याखाली रेघ मारा, जे फक्त खाली आहे त्याभोवती गोल काढा. मग ज्या वर्षी ते खोड वर आलं होतं ती मागची दोन-तीन वर्षं शोधा आणि तेव्हा काय घडलं ते आठवून शेजारी लिहा. बऱ्याच गोलांसमोर काहीच लिहायला मिळणार नाही. ती जागा कोरीच ठेवा, ओढूनताणून भरू नका. आणि दुसऱ्याची पत्रिका घेण्याआधी आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांची घ्या, कारण त्यांच्याकडे पडताळायला साठ-सत्तर वर्षं असतात आणि सांगायला वेळही.